अनुमोदनाचे पाप : ‘सायलेंट हिल’चा गेम आणि चित्रपट

हिंसेचा दोष नेमका कोणाला लागतो, या प्रश्नाचे उत्तर पतंजलींच्या योगसूत्रांत फार थोडक्या शब्दांत आले आहे. साधनपादातील ३४व्या सूत्रात हिंसादी कृत्यांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले असून, माणसाने स्वतः केले ते कृत, दुसऱ्याकडून करवून घेतले ते कारित आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून संमती दिली ते अनुमोदित, असा त्यांचा अर्थ आहे. तिन्ही प्रकारांची फळे दुःख आणि अज्ञान हीच असतात, असे सूत्रकार बजावतात. वार करणाऱ्या हातापाशी दोष संपवून टाकण्याची मुभा ते देत नाहीत. जैन आचारशास्त्राने हीच त्रयी मन, वचन आणि काया यांच्याशी जोडून व्रतांची काटेकोर मांडणी केली, तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पशुहत्येचे वाटेकरी मोजताना प्रत्यक्ष मारणाऱ्याच्याही आधी अनुमती देणाऱ्याचे नाव येते. भयप्रधान व्हिडिओ गेमवरून चित्रपट काढला जातो तेव्हा काय साधले आणि काय हरवले, याची चर्चा बहुधा राक्षसांची रूपे हुबेहूब उतरली की नाही आणि कथानकाला किती कात्री लागली एवढ्यापुरती होते. धर्मचिंतनाच्या अंगाने पाहिल्यास मात्र या रूपांतरात घडणारा मुख्य बदल निराळाच असल्याचे दिसते: जे कृत्य कारित होते ते अनुमोदित होते.

गेम खेळणारा माणूस वरील विभागणीत कर्ता ठरत नाही, कारण पडद्यावरचे शस्त्र त्याच्या हातात नसते. तो बटण दाबतो आणि पडद्यावरचे पात्र त्याच्या इच्छेने वार करते, म्हणून तो कारयिता, म्हणजे करवून घेणारा. चित्रपटाचा प्रेक्षक करवूनही घेत नाही, आणि तो मध्येच उठून गेला तरी पात्रे आपल्या ठरल्या वाटेनेच जातात. एवढ्यावरून प्रेक्षकाला सांख्यांच्या पुरुषाची जागा देण्याचा मोह होतो. सांख्यदर्शनातील पुरुष म्हणजे निव्वळ चैतन्य, जे प्रकृतीचा सारा व्यापार पाहते परंतु त्यात कोठेही गुंतत नाही. भयपटाचा प्रेक्षक इतका उदासीन द्रष्टा क्वचितच असतो. नायिकेने ते दार उघडू नये असे त्याला वाटते, दुष्टाला जबर शिक्षा व्हावी असे वाटते, आणि पुष्कळदा दार उघडावेच असेही वाटते, कारण तिकीट त्यासाठीच तर काढलेले असते. हे वाटणे म्हणजेच अनुमोदन, आणि भयपटाचा सारा नैतिक प्रश्न त्यात सामावलेला आहे.

या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण म्हणजे जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढलेला ‘सायलेंट हिल’ हा गेम आणि फ्रेंच दिग्दर्शक क्रिस्तोफ गान्स यांनी त्यावरून २००६ मध्ये केलेला त्याच नावाचा चित्रपट. केइइचिरो तोयामा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या मूळ गेममध्ये हॅरी मेसन हा लेखक मोटार अपघातानंतर शुद्धीवर येतो, शेजारी बसलेली त्याची लहान मुलगी शेरिल नाहीशी झालेली असते, आणि तिला शोधत तो एका निर्जन, धुक्याने भरलेल्या गावात शिरतो. धुक्यामागे एक व्यावहारिक कारण होते: त्या काळच्या यंत्राला दूरवरचे दृश्य एकाच वेळी रेखाटणे झेपत नसे, म्हणून दूरचे सारे धुक्यात आणि काळोखात झाकून टाकण्यात आले. यंत्राच्या या दुबळेपणातून खेळाडूच्या वाट्याला अज्ञान आले, आणि त्या अज्ञानातून भय. जवळ काहीतरी आले की हॅरीच्या खिशातला रेडिओ खरखरू लागतो, पण ते काय आहे आणि कोणत्या बाजूने येत आहे हे रेडिओ सांगत नाही. पळायचे की थांबायचे, दिवा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे खेळाडूलाच ठरवावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या गेमचे शेवट अनेक आहेत आणि त्यांतला कोणता वाट्याला येणार हे खेळाडूच्या अशा कृतींवर ठरते, ज्यांचे महत्त्व त्या करताना त्याला कळत नाही. रुग्णालयातील एका खोलीत जमिनीवर सांडलेला तांबडा द्रव रिकाम्या बाटलीत भरून घेण्याचे ज्याला सुचते, त्याला पुढे कित्येक तासांनी सिबिल या पोलीस स्त्रीचा जीव वाचवता येतो. ज्याला सुचत नाही, त्याला तिच्यावर गोळी झाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सर्वांत वाईट शेवटात हॅरी त्या अपघातग्रस्त मोटारीतच मरून पडलेला दिसतो, म्हणजे झाले ते सारे मरणाऱ्याच्या मनातले असावे, असा संशय उरतो. फळ भोगताना ते कोणत्या कर्माचे आहे याची आठवण जीवाला नसते, हा कर्मसिद्धान्तातील सर्वांत अस्वस्थ करणारा मुद्दा येथे कोणतेही प्रवचन न करता अनुभवाला येतो.

२००१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात हा विचार इतका खोल गेला, की तो गेम अपराधभावनेवरील एक स्वतंत्र चिंतन म्हणून वाचता येतो. जेम्स सन्डरलँड या माणसाला त्याच्या पत्नीचे पत्र येते. ती, मेरी, तीन वर्षांपूर्वी आजाराने वारली आहे, असे तो स्वतःला आणि खेळाडूला सांगत असतो, आणि पत्रात मात्र ती त्याची सायलेंट हिलमध्ये वाट पाहत आहे. बराच काळ खेळून झाल्यावर उलगडते ते असे, की अंथरुणाला खिळलेल्या मेरीला जेम्सनेच उशीने गुदमरवून मारले होते. खेळाडूने आतापर्यंत ज्याची काळजी घेतली, ज्याला औषधे दिली, ज्याला राक्षसांपासून वाचवले, तोच खुनी निघतो. भारतीय परंपरेत कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग करतात: साठलेले ते संचित, त्यातून फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध आणि आता घडत असलेले ते क्रियमाण. मेरीचा खून खेळ सुरू होण्याआधीच घडून गेलेला असल्यामुळे तो जेम्सचे प्रारब्ध आहे आणि खेळाडूचा त्यावर काहीही इलाज चालत नाही. क्रियमाण तेवढे खेळाडूच्या हाती उरते. जखमी जेम्सवर तो वेळेवर उपचार करतो की त्याला तसाच रक्तबंबाळ फिरू देतो, मेरीचा फोटो आणि पत्र काढून पाहतो की नाही, अँजेलाकडून आलेला चाकू पुन्हापुन्हा निरखतो का, मेरीसारखीच दिसणाऱ्या मारियाच्या किती जवळ राहतो, या सगळ्याची नोंद गेम गुपचूप ठेवत असतो. त्यावरून जेम्स पश्चात्तापातून बाहेर पडून गाव सोडतो, तळ्यात जीव देतो किंवा मारियाच्या आभासामागे पुन्हा त्याच चुकीच्या चक्रात शिरतो. चित्रगुप्ताची वही याहून अधिक निःशब्द नसेल. यात खून करण्याबद्दल खेळाडूला जबाबदार धरलेले नाही. घडून गेलेल्या पापाशी माणूस कसा वागतो, याची जबाबदारी मात्र पुरेपूर त्याच्यावर टाकली आहे, आणि ही नैतिक दृष्टी अनेक धर्मोपदेशांपेक्षा प्रौढ आहे असे म्हणावे लागते.

त्याच गेममध्ये आणखी एक तात्त्विक धागा आहे. बापाच्या अत्याचाराने होरपळलेल्या अँजेलाला गाव पेटलेले दिसते, जेम्सला ते ओलसर, गंजलेले आणि विकृत देहांनी भरलेले दिसते, आणि लॉरा ही लहान मुलगी त्याच रस्त्यांवरून निर्धास्तपणे हिंडते, कारण तिला कोणताही राक्षस दिसतच नाही. अद्वैत वेदान्तातील दृष्टिसृष्टिवाद, म्हणजे पाहणे हीच निर्मिती आणि पाहणाऱ्याविना जगाला वेगळे अस्तित्व नाही असे मानणारा पक्ष, याच प्रकारचे जग कल्पितो. प्रत्येक जीवाचा नरक त्याच्या अंतःकरणातून उगवतो, आणि निष्पाप मुलासाठी तो नसतोच. ख्रिस्ती कल्पनेतील शोधनलोक, म्हणजे पापक्षालनासाठी आत्म्याने काही काळ यातना भोगण्याचे स्थान, येथे आहे असे वाटते खरे, परंतु तेथे निवाडा करणारा ईश्वर नाही. न्यायाधीश, आरोपी आणि दंड देणारा ही तिन्ही कामे जेम्स एकटाच करतो. लोखंडी त्रिकोणी शिरस्त्राण घातलेला ‘पिरॅमिड हेड’ हा वधक त्याच्यामागे लागतो, कारण आपल्याला शिक्षा देणारा कोणीतरी हवा ही जेम्सचीच गरज असते. जेम्स आपला अपराध स्वतःपाशी कबूल करतो तेव्हा या वधकाचे काम संपते आणि तो स्वतःलाच मारून घेतो.

येथे साहित्यशास्त्राचा एक प्रश्न उभा राहतो, जो बाजूला ठेवता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस आहे आणि भय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मनात कायम वसणारी मूळ वृत्ती. हे भय रसरूप कसे होते, याचे उत्तर देताना अभिनवगुप्ताने शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या बाणापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला ते भय ‘माझे’ म्हणून जाणवत नाही, ‘त्या हरणाचे’ म्हणूनही जाणवत नाही. स्थळकाळाच्या आणि व्यक्तीच्या मर्यादेतून सुटलेले निखळ भय तो आस्वादतो, आणि या प्रक्रियेला साधारणीकरण म्हणतात. स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडणे हा तर रसास्वादातील विघ्नांपैकी एक मानला गेला आहे. या निकषावर व्हिडिओ गेम विघ्नानेच भरलेला ठरतो, कारण त्यातले भय पक्के व्यक्तिगत असते: मरण्याचा धोका ‘मला’ आहे, औषध ‘माझ्याकडे’ संपत आले आहे, आणि चूक झाली तर तीही ‘माझी’. म्हणून गेमवरून चित्रपट करणे म्हणजे शास्त्रीय अर्थाने विघ्न दूर करणे होय, कारण त्यात व्यक्तिगत भयाचे साधारणीकरण होते आणि भयाला रस होण्याची वाट मोकळी मिळते. अडचण एवढीच, की ‘सायलेंट हिल’सारख्या गेमचा नैतिक गाभा नेमका त्या विघ्नातच असतो, आणि विघ्न गेले की अपराधही जातो.

गान्स आणि पटकथालेखक रॉजर अव्हरी यांनी या अडचणीला कसे तोंड दिले, हे पाहण्याजोगे आहे. त्यांनी बापाच्या जागी रोझ ही आई आणली आणि मुलीचे नाव शॅरन ठेवले. गावाला त्यांनी पेनसिल्व्हेनियातील सेंट्रेलियाची पार्श्वभूमी दिली, जेथे १९६२ मध्ये कोळशाच्या खाणीला लागलेली आग जमिनीखाली अजून धुमसत आहे. त्यामुळे गेममधल्या धुक्यात राखेचा पाऊस मिसळला. स्टुडिओने पुरुष पात्रे नसल्याची हरकत घेतल्यावर क्रिस्टोफर या नवऱ्याचे उपकथानक वाढवण्यात आले. ते बरेचसे लांबण आहे, पण त्यातून एक चांगली गोष्ट हाती लागली: रोझ धुक्यातल्या शाळेत असते त्याच वेळी क्रिस्टोफर पाऊस पडत असलेल्या, खऱ्या जगातल्या त्याच शाळेत असतो, त्याला ती दिसत नाही, फक्त तिच्या अत्तराचा वास येतो. प्रत्येकाचे गाव वेगळे, ही दुसऱ्या गेममधली कल्पना कॅमेऱ्यासारख्या सर्वांना एकच दृश्य दाखवणाऱ्या माध्यमात आणण्याचा हा हुशार मार्ग होता.

धर्माच्या बाबतीत मात्र चित्रपटाने मोठी उलथापालथ केली. गेममधील डाहलिया ही एका गूढ पंथाची पुरोहित असून आपल्याच मुलीच्या, अ‍ॅलेसाच्या, देहातून देव जन्माला घालण्यासाठी तिचा बळी देते. पाप तेथे घरातले, आईचे आहे. चित्रपटातली डाहलिया फसवली गेलेली, दुःखाने वेडी झालेली आई आहे, आणि पाप गावातल्या धर्मांध मंडळीवर टाकलेले आहे, जी क्रिस्ताबेला नावाच्या स्त्रीच्या नेतृत्वाखाली अ‍ॅलेसाला चेटकीण ठरवून जाळू पाहते. आतून उगवणारा अपराध अशा रीतीने बाहेरचा झाला. पिरॅमिड हेडचे झाले तेही यातूनच: जेम्सच्या मनातील शिक्षेच्या इच्छेशिवाय त्याला चित्रपटात आणल्यामुळे तो प्राणप्रतिष्ठा न झालेल्या मूर्तीसारखा नुसता भव्य दिसतो. अ‍ॅलेसाची पूर्वकथा एका लांबलचक निवेदनातून सांगून टाकण्याचा मार्गही कमजोर आहे, कारण गेममध्ये जे खेळाडूला तुकड्यातुकड्याने शोधावे लागत होते ते येथे व्याख्यानासारखे आयते हाती येते.

तरीही चित्रपट येथे संपत नाही, आणि त्याची खरी ताकद चर्चमधल्या प्रसंगात आहे. गावातली मंडळी ज्या चर्चमध्ये आश्रय घेऊन राहते त्यात काळोखाला शिरता येत नाही, कारण त्यांची आंधळी श्रद्धा त्याला अडवून धरते. अ‍ॅलेसाच्या सूडाचे मूर्तरूप बनलेली काळी मुलगी रोझपुढे सौदा मांडते, आणि रोझ तिला आपल्या देहात घेऊन त्या पवित्र जागेत पाऊल टाकते. चित्रपटातही असलेली सिबिल एव्हाना चितेवर जळून गेलेली असते, शॅरनची पाळी यायची असते. क्रिस्ताबेला रोझला भोसकते, तिचे रक्त चर्चच्या फरशीवर पडते आणि त्याच रक्तातून नरक वर येतो. काटेरी तारा माणसांना चिरत जातात, रक्ताच्या वर्षावात ती काळी मुलगी नाचते. चित्रपटाची सारी बांधणी अशी केली आहे, की या क्षणी प्रेक्षकाच्या मनात समाधान उमटावे. सिबिलला जळताना पाहिल्यानंतर हे हवेच होते, असे त्याला वाटते. खेळाडूप्रमाणे त्याने कोणतेही बटण दाबलेले नसते, पण त्याची संमती कोणी विचारण्याआधीच दिली गेलेली असते.

या प्रसंगाच्या मध्यभागी एक लहानशी कृती आहे. रोझ मुलीला डोळे मिटून घ्यायला सांगते आणि मुलगी डोळे उघडते. तिची नजर त्या काळ्या मुलीच्या नजरेला भिडते, आणि पुढे घरी परतणारी शॅरन तीच आहे का, याविषयी शंका उरते. पाहणे ही साधी घटना नाही, ते फळ देणारे कृत्य आहे, हा विचार चित्रपटाने येथे पक्का रोवला आहे. रोझ आणि शॅरन घरी पोचतात तेव्हा घर धुक्यातच असते, आणि त्याच घरात पावसाळी प्रकाशात बसलेला क्रिस्टोफर त्यांना पाहू शकत नाही. सूड पवित्र जागेत घेऊन जाणारी आई निर्दोष जगात परत येऊ शकली नाही, असा या शेवटाचा अर्थ लावणे भाग आहे, कारण दुसरा कोणताही अर्थ रोझच्या चर्चमधील कृत्याला न्याय देत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये अपराधाच्या प्रश्नावरील आपल्या पुस्तकात अपराधाचे फौजदारी, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिक असे चार प्रकार केले होते. शेवटच्या प्रकारात, इतरांवर अन्याय होत असताना तेथे हजर असलेला आणि तरीही जिवंत राहिलेला माणूस दोषी ठरतो. त्यांच्यापुढे नाझी राजवटीनंतरची जर्मनी होती आणि करमणुकीच्या चित्रपटाशी तिची तुलना करणे औचित्याला धरून होणार नाही. मात्र साक्षीदारही दोषी असू शकतो, हे त्यांनी ज्या ठामपणाने मांडले त्याचा उपयोग येथे होतो.

यावर आक्षेप उघड आहे. पडद्यावर कोणी खरे मरत नाही, मग पाप कसले? जैन चिंतनात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद केला आहे. प्रत्यक्ष जीव घेणे ही द्रव्यहिंसा आणि मनात हिंसेचा भाव उठणे ही भावहिंसा. कल्पित कथेत द्रव्यहिंसा शून्य असते, भावहिंसा मात्र शून्य नसते. अभिनवगुप्ताचा पक्ष घेणारा म्हणेल, की रसास्वादातला भाव लौकिक नसतोच, म्हणून त्याला हिंसेची फळे लावणे चूक आहे. हा वाद निकालात काढण्याइतका सोपा नाही, आणि त्याच्या आधाराने अशा कृतींवर बंदी मागणे तर सर्वस्वी गैर आहे. परंतु दोन्ही पक्षांना मान्य होईल असे एक टोक आहे: साधारणीकरण पूर्ण झाले तर भाव निर्दोष असेल, आणि ते अपुरे राहिले, म्हणजे प्रेक्षक स्वतःचा राग काढून घेण्यासाठी त्या तारांची वाट पाहत असेल, तर तेथे अनुमोदन आहे. चर्चचा प्रसंग या दोहोंच्या सीमेवर उभा आहे आणि म्हणूनच तो प्रभावी आहे.

इतर उदाहरणे याच्या तुलनेत फिकी पडतात. पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांच्या २००२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने गेममध्ये नसलेली नायिका घेऊन हाणामारीचा मार्ग धरला आणि अपराधाचा प्रश्नच टाळला. २०१५ चा ‘अंटिल डॉन’ हा गेम खेळाडूच्या लहानमोठ्या निर्णयांवर कोण जगेल हे ठरवणारा होता. २०२५ मध्ये त्यावरून निघालेल्या चित्रपटात निर्णयांची जागा एका चक्राने घेतली, ज्यात पात्रे मरतात आणि रात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गेममध्ये मेलेले पात्र पुन्हा उठते तेव्हा आठवण फक्त खेळाडूला असते, पात्राला नसते. या चित्रपटात ती पात्रांकडे आली, म्हणजे पूर्वजन्माची स्मृती असलेल्या जीवांची कथा तयार झाली. कल्पना चांगली आहे, पण स्मृती पात्रांना देऊन टाकल्यावर प्रेक्षकाच्या वाट्याला कोणताही भार उरत नाही.

गान्स यांनी पुढे दुसऱ्या भागाचे कथानकही ‘रिटर्न टू सायलेंट हिल’ या नावाने पडद्यावर आणले. त्या कथानकाची मुख्य अडचण माध्यमातच आहे, कारण जेम्सचे क्रियमाण कर्म खेळाडूच्या हाती होते आणि प्रेक्षकाला ते देता येत नाही. प्रेक्षकाला देता येते ती फक्त संमती, आणि तीही खुनाचा उलगडा होण्याआधी, जेम्सविषयीच्या सहानुभूतीच्या रूपाने त्याच्याकडून काढून घ्यावी लागते. रूपांतराचा कस तेथे लागतो, धुक्याच्या दाटपणावर किंवा शिरस्त्राणाच्या आकारावर नव्हे. या विषयात रस असलेल्या वाचकाने २००६ चा चित्रपट पुन्हा पाहावा, आणि गेमशी तुलना करण्याआधी क्रिस्ताबेलाच्या मृत्यूच्या क्षणी स्वतःच्या मनात काय उमटले हे प्रामाणिकपणे तपासावे.